इशाऱ्यासोबत हॅशही द्या

मा. महासंचालक,
सर्ट-इन, नवी दिल्ली



डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावाच्या लायब्ररीतली त्रुटी उघड झाली, तेव्हा सर्व्हर सांभाळणाऱ्या सगळ्यांपुढे एकच प्रश्न होता : ही लायब्ररी आपल्याकडे नेमकी कुठे कुठे आहे? आपल्या इशाऱ्यांत सॉफ्टवेअरचं नाव आणि व्हर्जन असतं. पण एखादा व्हेंडर ‘लॉगफोरजे-कोअर-२.१४.१.जार’चं नाव बदलून ‘लॉगिंग.जार’ करतो, किंवा ती आपल्या मोठ्या जार फाइलच्या पोटात घालतो. मग नावाने शोधणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

हॅशला नावाशी देणंघेणं नाही. फाइलमधल्या एकूण एक बाइटवरून शा-२५६ ही पद्धत ६४ अक्षरांची ओळख, म्हणजे हॅश, काढते. नाव बदला, फोल्डर बदला, ही ओळख तीच राहते. मोठी जार उघडून आतली प्रत्येक जार ज्ञात यादीशी ताडली, की दडलेली लायब्ररी व्हर्जनसकट सापडते. अमेरिकेची ‘निस्ट’ ही संस्था ज्ञात फाइलींच्या हॅशचा असा संग्रह कित्येक वर्षं चालवते आहे.

याला मर्यादा आहे. त्या डिसेंबरात तातडीचा उपाय म्हणून अनेकांनी जारमधून ‘जेएनडीआयलुकअप’ हा क्लासच काढून टाकला. अशा जारचा हॅश मूळ यादीशी जुळत नाही. व्हेंडरने कोड स्वतः कंपाइल केला, तरी तेच. त्यामुळे हॅश जुळला तर फाइल तीच; जुळला नाही म्हणून सर्व्हर सुरक्षित ठरत नाही. तरीही पहिल्या काही तासांत खात्रीने ‘आहे’ असं कळणं फार मोलाचं असतं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये आपण सॉफ्टवेअरच्या घटकांच्या यादीविषयी, म्हणजे एसबॉमविषयी, मार्गदर्शक सूचना काढल्या. पाऊल योग्यच होतं. पण यादी हा व्हेंडरचा दावा असतो. सर्व्हरवर खरोखर काय बसलं आहे, ते तिथल्या फाइलींवरूनच कळतं.

म्हणून दोन मागण्या. लायब्ररीविषयीच्या प्रत्येक इशाऱ्याला बाधित फाइलींच्या शा-२५६ हॅशची यादी जोडा, स्क्रिप्टला थेट वाचता येईल अशी. शा-१ ही जुनी पद्धत नको; वेगवेगळ्या दोन फाइलींचा शा-१ हॅश एकच येऊ शकतो, हे २०१७ मध्येच सिद्ध झालं आहे. जावाच्या बहुतेक खुल्या लायब्ररी मेव्हन सेंट्रलवर सगळ्यांना उपलब्ध आहेत, त्यामुळे हे काम आपल्या आवाक्यातलं आहे. दुसरी मागणी : सरकारी कार्यालयाने सॉफ्टवेअर ताब्यात घेताना एसबॉममधले हॅश सर्व्हरवरच्या फाइलींशी जुळवून पाहणं बंधनकारक करा. जुळत नसतील, तर व्हेंडरकडून लेखी खुलासा घेतल्याशिवाय बिल मंजूर होऊ देऊ नका.

आपला,
एक सर्व्हर व्यवस्थापक