कोणाच्या भीतीला भाव?

भांडवली अर्थशास्त्राने गेल्या अर्धशतकात एक नवा माल शोधून काढला आहे. त्याचे नाव भीती. शेअर बाजारात पुढे किती उलथापालथ होईल यावर आज सौदे होतात आणि त्यांच्या अभ्यासाला विद्यापीठांत विज्ञानाची प्रतिष्ठा आहे. हे विज्ञान कोणाची भीती मोजते, हा प्रश्न मात्र तेथे क्वचितच विचारला जातो.

ऑप्शन हा एक प्रकारचा विमाच. ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचा वा विकण्याचा हक्क हप्ता भरून मिळवायचा. १९७३ साली ब्लॅक आणि शोल्स यांनी या हक्काची किंमत काढण्याचे सूत्र मांडले. ते उलटे चालवले की बाजारातील हप्त्यावरून भावी चढउतारांची अटकळ निघते. हीच ‘गर्भित अस्थिरता’. शिकागोच्या ऑप्शन बाजाराने १९९३ साली तिचा निर्देशांक काढला. २००८ साली मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारानेही तो मार्ग धरला.

जोखीम मोजता येते, खरी अनिश्चितता मोजता येत नाही, हा भेद शिकागो संप्रदायाच्याच फ्रँक नाइट यांनी १९२१ साली केला होता. शिष्यांना त्याचा विसर पडला. मर्टन व शोल्स यांना १९९७ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढच्याच वर्षी ते भागीदार असलेली ‘लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट’ रशियाच्या कर्जसंकटात कोसळली. तिला सावरण्यासाठी न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेने बड्या वित्तसंस्थांना एकत्र बसवले आणि सुमारे ३६० कोटी डॉलर उभे केले.

कोणी म्हणेल, निर्देशांक हा केवळ थर्मामीटर. त्याला दोष कशाला? पण थर्मामीटर फक्त पैसे भरणाऱ्याच्याच तोंडात घालत नाहीत. ज्याच्या खिशात विम्याचा हप्ता आहे त्याचीच भीती या निर्देशांकात उमटते. आणि हप्ता भरणारा लहान माणूसही येथे नागवलाच जातो. सेबीच्या २०२४ च्या पाहणीनुसार तीन वर्षांत वायदे व ऑप्शन यांत उतरलेल्या व्यक्तींपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला. एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर गेला.

मार्च २०२० मध्ये भारतीय निर्देशांकाने ८० ओलांडले. २७ मार्चला रिझर्व्ह बँकेने रेपो दर पाऊण टक्क्याने उतरवला. मे महिन्यात निर्देशांक बराच खाली आला होता. बाजाराची भीती ओसरत होती. त्याच मे महिन्याच्या ८ तारखेला जालन्याहून भुसावळकडे पायी निघालेले १६ मजूर करमाडजवळ रुळांवर झोपेतच मालगाडीखाली चिरडले गेले. उद्या काम मिळेल का, घरी पोहोचू का, ही त्यांची अनिश्चितता कोणत्याच सूत्रात बसत नव्हती, कारण तिचा हप्ता भरायला त्यांच्याजवळ काही नव्हते.

कष्टकऱ्याच्या अनिश्चिततेला भाव नको, उपाय हवा. १९७२ च्या दुष्काळात होरपळलेल्या महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला, तो भीतीचा बाजार मांडून नव्हे, तर कामाचा हक्क मान्य करून. कायम नोकरी, हमीभाव आणि निवृत्तिवेतन यांचा आग्रह हे त्याच वाटेवरचे पुढचे पाऊल आहे. अर्थशास्त्राच्या नव्या पुरोहितांना कार्यकर्त्यांनी सूत्रांच्या धाकाने वचकून न जाता गावोगावी एकच प्रश्न विचारावा: यात श्रमिकाची भीती कोठे आहे?