भरल्या घरातली चाची

आमच्या मोहल्ल्यात एक चाची आहेत. वय सत्तरीच्या पुढे. घरात मुलगा, सून, तीन नातवंडे. चाचा गेले, इद्दतीचे चार महिने दहा दिवस संपले, येणाऱ्या-जाणाऱ्यांची वर्दळ थांबली आणि चाची हळूहळू गप्प होत गेल्या. जेवण निम्म्यावर आले. रात्री तीनला जाग येते ती येतेच. पाठ सतत दुखते. घरचे म्हणतात, "वय झाले, चालायचेच." शेजारी म्हणतात, "तस्बीह वाढवा, ईमान मजबूत ठेवा."

मला या दोन्ही वाक्यांची धास्ती वाटते. २०१७-१८ मध्ये देशभर झालेल्या 'लासी' या सरकारी पाहणीत साठीपुढच्या ८.३ टक्के लोकांमध्ये तीव्र नैराश्याची लक्षणे आढळली. डॉक्टरांनी तसे निदान केलेले मात्र जेमतेम ०.८ टक्के. म्हणजे दहांतल्या नऊ जणांचा आजार "वय झाले" याच्याखाली दडपला जातो.

आपल्याला वाटते, म्हातारे माणूस घरात आहे, वृद्धाश्रमात नाही, म्हणजे आपले कर्तव्य संपले. पण जोडीदाराचा मृत्यू, मधुमेह, अर्धांगवायू, औषधाच्या पैशासाठीही मुलाकडे हात पसरणे, हे सगळे घरातच घडते. चाचींना कमी ऐकू येते. दस्तरखानावर सगळे हसतात, त्या विचारतात काय झाले, नातू म्हणतो, "कुछ नहीं, दादी." दिवसातून किती वेळा हे ऐकत असतील! स्वयंपाकघरही गेले. सून चांगली आहे, म्हणूनच म्हणाली, "आता आराम करा." चाळीस वर्षे ज्या हाताने घराचा मसाला झाला, त्या हाताला आता काम नाही.

पुरुषांना निदान मशीद आहे. दोन दिवस दिसले नाहीत तर कुणीतरी चौकशी करतो. गुडघे गेले की तेही सुटते. बायकांना तर बहुतेक गावांत एवढेही नाही, याचा विचार आपल्या जमातींनी कधी केला आहे का?

आणि ईमानाचे म्हणाल तर हजरत याकूब पुत्रवियोगाने इतके रडले की त्यांची दृष्टी गेली. हजरत खदीजा आणि अबू तालिब ज्या वर्षी गेले, त्याला आपण 'आमुल हुज्न', दुःखाचे वर्ष म्हणतो. पैगंबरांच्या दुःखाला कुणी ईमानाची कमतरता म्हणत नाही. मग चाचींच्या का?

नैराश्यावर उपचार आहेत, ते उतारवयातही लागू पडतात. थायरॉईड किंवा बी-१२ च्या कमतरतेनेही अशी लक्षणे दिसतात, म्हणून आधी साधी रक्ततपासणी करावी. १४४१६ या 'टेलि-मानस' क्रमांकावर फुकट बोलता येते.

हे सारे मी चाचींच्या मुलाला सांगितले. कानाच्या डॉक्टरकडे न्यायला तो लगेच तयार झाला. मनाच्या डॉक्टरचे नाव काढताच म्हणाला, "भाई, अम्मी काय वेडी आहे का?"