यंत्र तपासते, समजावत नाही

बी.सी.ए. किंवा बी.एस्सी. कॉम्प्युटरला गेलेल्या मुलीच्या तोंडी ‘डेटा स्ट्रक्चर’ हा शब्द येऊ लागतो आणि घरात कुणालाच तो कळत नाही. रात्री उशिरापर्यंत ती स्क्रीनसमोर दिसली की अम्मी-अब्बूंना शंका येते. शंका घेण्याआधी ती काय करते ते पाहा.

वसमत, कळमनुरीकडच्या मुलींना संध्याकाळी शिकवणीला पाठवणे सोपे नसते. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचे माधवन मुकुंद यांचा पायथन व डेटा स्ट्रक्चरचा आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम एन.पी.टी.ई.एल.वर घरबसल्या करता येतो. भाषा इंग्रजी आहे, पण नोंदणी मोफत. प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची असेल तरच फी. त्यातले प्रोग्राम संगणकच तपासतो. वर्गात चुकीचे उत्तर द्यायला लाजणारी मुलगी इथे दहा वेळा चुकते, कुणी हसत नाही. ही मोठीच सोय आहे.

संगणक तपासतो कसा? तो प्रोग्रामला काही उदाहरणे घालतो आणि आलेली उत्तरे जुळवतो. काही उदाहरणे विद्यार्थ्याला दिसतात, काही लपवलेली असतात. समजा, गणितातले कंस बरोबर लावलेत का ते ओळखायचे आहे. मुलगी उघडणारे आणि बंद करणारे कंस मोजते. संख्या सारखी तर ‘बरोबर’. दिसणारी उदाहरणे पार पडतात. मग लपलेले ‘)(’ येते. संख्या सारखी, पण कंस उलटे! प्रोग्राम नापास. का, हे यंत्र सांगत नाही.

इथे लागतो स्टॅक, म्हणजे आपली मडक्यांची उतरंड. उघडणारा कंस आला की वर ठेवायचा, बंद करणारा आला की वरचा एक काढायचा. काढायला काही नसेल, किंवा शेवटी काही उरले, तर कंस चुकले.

अडचण वेगळीच आहे. मित्राचा किंवा इंटरनेटवरचा तयार प्रोग्राम चिकटवला तरी यंत्र पैकीच्या पैकी गुण देऊ शकते. ‘अल्गोरिदम’ हा शब्द नवव्या शतकातील बगदादच्या अल-ख्वारिझ्मींच्या नावावरून आला, हे आपण जलशांत अभिमानाने सांगतो. आणि त्याच विषयाच्या गृहपाठात उचलेगिरी चालवून घेतो. ही खियानत आहे. मुलाखतीत ती उघडी पडते.

संगणक येत नसला तरी आई-वडिलांना हे तपासता येते. कोरा कागद द्या, चार-पाच कंस लिहा आणि उतरंड कशी चढते-उतरते ते काढून दाखवायला सांगा. प्रोग्राम दुसऱ्याचा असेल तर तिसऱ्या कंसाला हात थांबतो.