दासगाव ते महाड : दोन पाण्यांमधली पाच मैलांची वाट

१/
मुंबई–गोवा महामार्गावरून रायगडाकडे जाणारी बस महाडला थांबते. चवदार तळ्याच्या काठी छायाचित्रे काढली जातात, चहा होतो आणि गाडी पाचाडच्या रस्त्याला लागते. पाऊण तासात महाड 'पाहून' होते. बहुतेक सहलींच्या वेळापत्रकात या शहराच्या वाट्याला एवढेच येते. हा धागा त्या वेळापत्रकाविरुद्ध आहे.

२/
पाण्यावर वसलेली शहरे पायीच पाहावीत, हे व्हेनिसबद्दल कोणालाही पटवून द्यावे लागत नाही. तेथे एक गंमत मात्र सहज सुटते. कालव्यांतले पाणी खारे. माणसे प्यायची ते पाणी चौकाचौकांतल्या विहिरींचे, म्हणजे चौकाच्या फरसबंदीखाली वाळूतून गाळून साठवलेल्या पावसाचे. १८८४ साली मुख्य भूमीवरून नळाचे पाणी येईपर्यंत हेच चालले. तेव्हा पाण्याच्या शहरात दोन पाणी असतात : एक नावा वाहून नेणारे, दुसरे तहान भागवणारे.

३/
महाडला कालवे नाहीत. सावित्री आहे. महाबळेश्वरी उगम पावून, पोलादपूरवरून उतरून ती महाडला येते. रायगडाच्या बाजूने येणारी गांधारी तिला येथेच मिळते. पुढे हरिहरेश्वर आणि बाणकोट यांच्यामध्ये ती समुद्राला भेटते. भरतीचे पाणी खाडीतून थेट आतपर्यंत चढते आणि त्या पाण्यावर स्वार होऊन लहान गलबते महाडपर्यंत येत. वर वरंध घाट, खाली बंदर. घाटमाथ्याचा माल आणि समुद्राचा माल जेथे एकमेकांना भेटत, ते हे गाव. 'महाहाट' म्हणजे मोठा बाजार, अशी नावाची व्युत्पत्ती सांगतात. भाषाशास्त्राने ती मान्य करो वा न करो, गावाचे वर्णन म्हणून ती अचूक आहे.

४/
हा व्यापार किती जुना? इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात पश्चिम किनाऱ्यावरच्या बाजारपेठांमध्ये 'पालैपत्मै' हे नाव येते. काही अभ्यासक ते महाडजवळचे पाले मानतात. पुढे १८०२ साली यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पराभव केल्यावर दुसऱ्या बाजीरावाने पळ काढला तो महाडकडेच, आणि तेथून समुद्रमार्गे वसई गाठली. पेशवाईच्या अखेरीचा तो तह वसईच्या नावाने ओळखला जातो. वाट मात्र महाडची होती.

५/
आता चालायला सुरुवात. ती महाडहून करू नये. महाडच्या खाली, खाडीच्या काठी दासगाव आहे. मुंबईची बोटवाहतूक येथवर येत असे. पलटणीतून निवृत्त झालेले अनेक महार सैनिक या परिसरात स्थायिक झाले होते. 'विटाळ विध्वंसन' लिहिणारे गोपाळबाबा वलंगकर हे याच टापूतल्या रावढळचे. आणि महाडच्या परिषदेची कल्पना ज्यांनी उचलून धरली व गावोगाव फिरून रुजवली, ते रामचंद्र बाबाजी मोरे दासगावचे. महाडचा सत्याग्रह मुंबईहून आणून महाडात उभा केला, असे समजणाऱ्यांनी आधी दासगावात थोडा वेळ थांबावे.

६/
दासगावचे महत्त्व १९२७ च्या डिसेंबरात उघड झाले. मुंबईहून महाडला जाण्याची रुळलेली वाट धरमतरची होती : बोटीने धरमतरपर्यंत, तेथून मोटारीने महाड. अंतर कमी, वेळ कमी. तरीही २४ डिसेंबरला डॉ. आंबेडकर आणि त्यांच्यासोबतचे प्रतिनिधी 'पद्मावती' बोटीने लांबच्या, दासगावच्या मार्गाने निघाले. कारण साधे होते. धरमतरला मोटारवाल्यांनी बहिष्कार घातला असता, तर शेकडो माणसे रस्त्यात अडकून पडली असती. दासगावहून महाड पाच मैल. कोणी गाडी दिली नाही तरी पायांवर कोणाचा बहिष्कार चालत नाही.

७/
या एका निर्णयात त्या काळच्या कोकणाचा पूर्ण नकाशा सामावला आहे. तिकीट काढले की बोट माणसाला नेते. मोटार नेईलच याची खात्री नाही. आणि तळे तर नाहीच. २५ तारखेला दुपारी मंडळी दासगावला उतरली. तेथे हजारो माणसे वाट पाहत होती. डॉ. आंबेडकर जिल्हाधिकाऱ्यांच्या भेटीसाठी पुढे गेले आणि बाकीचा समुदाय रांगा करून पायी महाडकडे निघाला. आपल्याकडे दांडीच्या यात्रेचा मार्ग शाळेत शिकवला जातो, त्याचे नकाशे छापले जातात. तिच्या सव्वादोन वर्षे आधीची ही पाच मैलांची वाट पाठ्यपुस्तकात एका ओळीचीही धनी नाही.

८/
आज ही वाट बहुतांशी महामार्गाच्या कडेने जाते, म्हणून पहाटे आणि हिवाळ्यात निघालेले बरे. महाड येण्याआधी डोंगराच्या पोटात गांधारपालेची लेणी दिसतात. लोक 'पांडवलेणी' म्हणून मोकळे होतात. आहेत ती बौद्ध, संख्येने तिसाच्या आसपास. येथल्या ब्राह्मी शिलालेखांपैकी एकात कुमार काणभोज विष्णुपालित याच्या दानाची यादी आहे : लेणे, चैत्यगृह, आठ खोल्या आणि लेण्याच्या दोन्ही बाजूंना पाण्याच्या पोढी. पोढी म्हणजे खडकात खोदलेले टाके.

९/
त्या पोढींपाशी थोडे रेंगाळावे. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी या खोऱ्यात पाणी साठवून देणे हे पुण्यकर्म होते आणि दात्याने ते दगडावर कोरून ठेवले. खाली दरीत सावित्री आणि गांधारी दिसतात. नदीकडे कोणी दान म्हणून पाहिले नाही, कारण ती कोणाच्या मालकीची नव्हती. साठवलेल्या पाण्याला मात्र मालक असतो, दाता असतो आणि म्हणून मज्जाव करणाराही असू शकतो.

१०/
लेण्यांवरून उतरून गावात शिरले की बाजारपेठ. या बाजाराला खेड्यापाड्यांतून येणाऱ्या अस्पृश्य माणसाला दिवसभर प्यायला पाणी मिळत नसे. मोरे यांनी महाडात चहाचे दुकान चालवले, ते या माणसांसाठी. पाणी तेथे मिळे, आणि पाण्याबरोबर बातम्या, अर्ज, सल्लाही. सत्याग्रहाची खरी तयारी अशा बाकड्यांवर झाली. त्या दुकानाच्या जागी एखादी साधी पाटी असायला काय हरकत आहे? पुतळे पुष्कळ उभारून झाले.

११/
१९ मार्च १९२७ ला परिषद भरली, तेव्हा प्रतिनिधींसाठी चाळीस रुपयांचे पाणी सवर्णांकडून विकत घ्यावे लागले होते. चार-पाच एकरांचे तळे हाकेच्या अंतरावर होते. आणि ते कायद्याने खुलेही होते! रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत केला होता. ५ जानेवारी १९२४ रोजी महाड नगरपालिकेने आपले तळे सर्वांना खुले केल्याचा ठरावही केला होता. तीन वर्षे तो ठराव कागदावर होता. २० मार्चला लोक परिषदेतून उठून चालत तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. तो कायदेभंग नव्हता, एका निर्जीव ठरावाची अंमलबजावणी होती. 'सत्याग्रह' या शब्दाच्या सवयीने नेमके हेच झाकले जाते.

१२/
पुढचा प्रसंग कळायला तळ्यापासून वीरेश्वर मंदिरापर्यंत चालावे. अस्पृश्य आता वीरेश्वरात घुसणार, ही अफवा त्या दिवशी गावात पसरली ती वाऱ्यासारखी. गाव लहान, गल्ल्या अरुंद. परतणाऱ्या, जेवणाऱ्या प्रतिनिधींवर लाठ्या पडल्या. अनेकांना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. त्यानंतर पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून तळे 'शुद्ध' करण्यात आले. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला.

१३/
डिसेंबरात परिषदेला जागा मिळेना. ती दिली फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी. दिवाणी न्यायालयाने तळ्यावर जाण्यास तात्पुरती मनाई केली होती, म्हणून पाणी प्यायचे स्थगित झाले. २५ डिसेंबरच्या रात्री मनुस्मृती जाळली गेली. तो ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. सध्या जो क्रांतिस्तंभ दिसतो तो त्या आठवणीचा. तळ्याकडून स्तंभाकडे जाताना हा क्रम ध्यानात ठेवावा : पाणी अडवले गेले, म्हणून ग्रंथापर्यंत जावे लागले.

१४/
खटला मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला : नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर. अस्पृश्यांना वगळण्याची अनादी रूढी आहे, हा दावा सिद्ध झाला नाही आणि १७ मार्च १९३७ रोजी निकाल आंबेडकरांच्या बाजूने लागला. निकाल देणारे न्यायमूर्ती ब्रूमफिल्ड म्हणजे १९२२ साली अहमदाबादेत गांधींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे तेच न्यायाधीश. तळ्याला एक फेरी घालायला काही मिनिटे लागतात. पहिल्या ओंजळीपासून या निकालापर्यंत मात्र दहा वर्षे लागली.

१५/
येथवर आलेला वाटसरू पुन्हा नदीकडे वळला, तर त्याला वेगळे महाड दिसेल. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल कोसळला आणि एसटीच्या दोन गाड्या माणसांसह वाहून गेल्या. २२ जुलै २०२१ ला नदीच गावात आली, बाजारपेठ बुडाली. त्याच दिवशी तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली. गाळाने भरलेले पात्र, वरून घाटाचा पाऊस, खालून भरती : जे पाणी गलबते आणत होते, तेच आता गावाला कोंडते.

१६/
आणि बिरवाडीच्या बाजूला औद्योगिक वसाहत आहे, मुख्यतः रासायनिक कारखान्यांची. तिने तालुक्यातल्या तरुणांना रोजगार दिला, मुंबईची वाट काही घरांपुरती तरी थांबवली. हे नाकारण्यात अर्थ नाही. तिचे प्रक्रिया केलेले सांडपाणी वाहिनीतून सावित्रीच्या खाडीत जाते. प्रक्रिया खरोखर किती होते, हा खाडीकाठच्या मासेमारांचा जुना प्रश्न आहे. पाणी कोणाचे, हा वाद महाडात तळ्यापुरता मिटला. नदीच्या बाबतीत तो आता कुठे मांडला जातो आहे. सहलींच्या माहितीपत्रकांत वसाहत येत नाही, आणि वसाहतीच्या कागदपत्रांत 'पद्मावती' येत नाही.

१७/
दरवर्षी २० मार्च आणि २५ डिसेंबरला लाखो पावले महाडला येतात. ती गर्दी हेच महाडचे सर्वांत जिवंत स्मारक आहे आणि तिला कोणाच्या मार्गदर्शनाची गरज नाही. गरज आहे ती उरलेल्या ३६३ दिवसांसाठी. दासगावच्या धक्क्यापासून तळ्यापर्यंत पाच मैलांवर पाच दगड, प्रत्येकावर दोन ओळी, आणि महामार्गाच्या कडेला चालण्यापुरती सुरक्षित पायवाट. रायगडाच्या पायथ्याशी एवढा निधी येतो, त्यातला अगदी थोडा पुरेल.

१८/
तोपर्यंत ज्याला जायचे त्याने सकाळी दासगावला उतरावे. प्रथम खाडी पाहावी, मग गांधारपाले, मग बाजार, आणि तळे सर्वांत शेवटी, दुपारी, तहान लागलेली असताना.