गॅस सापडला, कंपनी बुडाली. शेअरवाल्याच्या हाती भोपळा का आला?

रोहिणखेड (ता. मोताळा) : कपाशी-सोयाबीनचे पैसे हातात आले की आधी सोसायटी आणि कृषी केंद्राची उधारी फिटते. त्यातून उरलेले पाच-दहा हजार आजकाल मोबाईलवरच्या डिमॅट खात्यातही जाऊ लागलेत. खातं उघडायला आधार, पॅन आणि अर्धा तास पुरतो. मग कुठल्यातरी ग्रुपवर मेसेज येतो, 'अमुक कंपनीला समुद्रात गॅसचा साठा सापडला, शेअर अजून स्वस्त आहे, उद्या मिळणार नाही.' नव्याने शेअर घेणाऱ्याला हा मेसेज मोठा वाटतो, कारण गॅस सापडला म्हणजे पैसाच सापडला अशी आपली समजूत असते.

ही समजूत किती महाग पडते ते बघायला दूर जायची गरज नाही. संभाजीनगर गाठलं आणि पैठण रस्त्याला लागलं की चितेगाव येतं. व्हिडिओकॉन इंडस्ट्रीज या कंपनीचा नोंदणीकृत पत्ता तिथलाच.

व्हिडिओकॉन म्हटलं की टीव्ही आणि फ्रीज आठवतो. पण या कंपनीचा मोठा जीव तेल आणि गॅसमध्ये अडकलेला होता, हे तिचे शेअर घेतलेल्या कित्येकांच्या ध्यानात आलं नाही. आंध्रच्या किनाऱ्यावर रव्वा नावाचं तेल-गॅसचं क्षेत्र आहे. १९९४ मध्ये त्याचा करार झाला आणि त्यात व्हिडिओकॉनचा २५ टक्के वाटा होता. ओएनजीसीचा वाटा ४० टक्के. हे काही कागदावरचं स्वप्न नव्हतं, तिथून खरोखर तेल निघत होतं. त्याच जोरावर कंपनीने परदेशात उडी घेतली. २००८ च्या सुमारास आफ्रिकेतल्या मोझांबिक देशाच्या समुद्रातल्या एका ब्लॉकमध्ये १० टक्के वाटा आणि ब्राझीलच्या समुद्रात भारत पेट्रोलियमसोबत भागीदारी.

मोझांबिकमध्ये नशीब फळलं. २०१० पासून तिथे एकामागून एक विहिरींना गॅस लागला आणि तो साठा जगातल्या मोठ्या शोधांपैकी एक ठरला. अशा वेळी कंपनीकडे सोन्याची खाण आहे असं शेअरवाल्याला वाटणं साहजिक होतं.

पुढे काय झालं? जून २०१३ मध्ये हा १० टक्के वाटा ओएनजीसी विदेश आणि ऑइल इंडिया या दोन सरकारी कंपन्यांना विकायचं ठरलं. जानेवारी २०१४ मध्ये व्यवहार पूर्ण झाला. किंमत २४७ कोटी ५० लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने साधारण १५ हजार कोटी रुपये. आणि त्यानंतर साडेचार वर्षांच्या आत, ६ जून २०१८ ला, स्टेट बँकेच्या अर्जावर मुंबईच्या कंपनी न्यायाधिकरणाने या कंपनीविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू केली.

'गॅस तर सापडला होता, विकलाही गेला, मग पैसे गेले कुठं?' शेअरवाल्याचा संताप इथूनच सुरू होतो.

बोअरचा हिशोब

आपल्याकडे बोअर घेणाऱ्याला हे गणित लवकर कळेल. पाणाड्याने जागा दाखवली म्हणजे पाणी लागलं असं नाही. पाणी लागलं तरी ते किती दिवस टिकेल हे पहिल्या उन्हाळ्यात कळतं. त्यानंतर केसिंग, मोटार, पाईप, वीज जोडणी. हा सगळा खर्च उधारीवर केला असेल तर पहिलं पीक सावकाराचं.

समुद्रातल्या गॅसचं तसंच आहे, फक्त आकडे हजार कोटींत. गॅस लागल्यावर तो किनाऱ्यावर आणायचा, थंड करून त्याचा द्रव करायचा, जहाजात भरायचा. मोझांबिकच्या त्या प्रकल्पाला अंतिम मंजुरी मिळाली २०१९ मध्ये, म्हणजे गॅस लागल्यावर नऊ वर्षांनी. खर्चाचा अंदाज २० अब्ज डॉलर. २०२१ मध्ये जवळच्या पाल्मा शहरावर हत्यारबंद हल्ला झाला आणि काम बंद पडलं, ते कित्येक वर्षं बंद राहिलं. ज्या सरकारी कंपन्यांनी तो वाटा घेतला त्यांनाही वाटच बघावी लागली. त्यांचा खिसा मोठा म्हणून त्या थांबू शकल्या.

आपल्या देशातही हेच दिसलं. कृष्णा-गोदावरी खोऱ्यात रिलायन्सला २००२ मध्ये गॅस सापडला, उत्पादन २००९ मध्ये सुरू झालं. रोज ८ कोटी घनमीटरचं लक्ष्य होतं. २०१० मध्ये ते ६ कोटींच्या आसपास पोचलं आणि तिथून काही वर्षांत पार खाली घसरलं. एवढ्या मोठ्या कंपनीचा जमिनीखालचा अंदाज चुकू शकतो, तर दहा रुपयांच्या शेअरवाल्या कंपनीचं काय सांगावं!

व्हिडिओकॉनच्या बाबतीत गॅसचा अंदाज चुकला नव्हता, ही खरी गोम. बोजा कर्जाचा होता. टीव्ही-फ्रीजच्या धंद्यात परदेशी कंपन्यांची स्पर्धा वाढलेली. मोबाईल सेवेत समूहाने उडी घेतली, पण २ फेब्रुवारी २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने टू-जीचे १२२ परवाने रद्द केले, त्यात व्हिडिओकॉनचेही होते. वर ब्राझील आणि आफ्रिकेतल्या शोधासाठीचा खर्च. म्हणजे गॅसचा वाटा विकून आलेल्या पैशावर आधीच दावा लागलेला होता. शेत विकून आलेली रक्कम बँकेत भरावी आणि घरी रिकाम्या हाताने यावं, तसा प्रकार.

कर्ज कसं मिळालं याच्याही चौकशा झाल्या. आयसीआयसीआय बँकेच्या कर्जप्रकरणात कंपनीचे प्रमुख वेणुगोपाल धूत यांना सीबीआयने डिसेंबर २०२२ मध्ये अटक केली, जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जामीन दिला. त्यातून छोट्या शेअरवाल्याच्या खात्यात एक रुपयाही येत नाही, म्हणून तो विषय इथे पुरे.

रांगेत शेवटचा

दिवाळखोरीत समूहातल्या तेरा कंपन्यांचं प्रकरण एकत्र चाललं. देणेकऱ्यांनी दावे लावले ७१ हजार ४३३ कोटींचे. मान्य झाले ६४ हजार ८३८ कोटी. आणि वेदांता समूहाशी संबंधित ट्विन स्टार या कंपनीने सगळं घ्यायला देऊ केले २ हजार ९६२ कोटी. जून २०२१ मध्ये न्यायाधिकरणाने ही योजना मंजूर केली, पण खरेदीदार जवळजवळ काहीच देत नाही अशी नाराजीही आदेशात नोंदवली. मान्य झालेल्या दर शंभर रुपयांमागे साडेचार रुपयांच्या आसपास पडत होते.

आता बघा. बँकांनाच शंभरातले साडेचार मिळणार असतील तर शेअरवाल्याला काय उरणार? योजनेत सरळ लिहिलं होतं, शेअर बाजारातून नाव काढायचं आणि भागधारकांना काही द्यायचं नाही. शून्य.

अनेकांना वाटतं हा अन्याय फक्त याच कंपनीत झाला. तसं नाही. दिवाळखोरी कायद्याच्या कलम ५३ मध्ये रांग ठरलेली आहे. आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगारांची २४ महिन्यांची देणी आणि तारण ठेवून कर्ज देणाऱ्या बँका, मग इतर कर्मचारी, बिनतारणी कर्ज, सरकारी देणी. रांगेच्या अगदी शेवटी साधे शेअरवाले. शेअर म्हणजे कंपनीला दिलेलं कर्ज नाही, ती बटई आहे. पीक आलं तर वाटा, नाही आलं तर बटईदार सावकाराकडे नुकसान मागू शकत नाही. योजना मंजूर करणाऱ्या देणेकऱ्यांच्या समितीत त्याला मतही नसतं.

कायद्याची ही रांग चूक म्हणता येणार नाही. चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. जून २०१८ मध्ये प्रक्रिया सुरू झाली आणि पुढची तीन वर्षं हा शेअर बाजारात विकला-घेतला जात होता. मोठे लोक केव्हाच बाहेर पडलेले असतात. 'एवढी मोठी कंपनी, एवढा स्वस्त भाव, तेलाच्या विहिरी आहेत, कोणीतरी घेईलच' असं म्हणत छोटे लोक आत येतात. कंपनी कोणीतरी घेतोही. फक्त जुने शेअर घेत नाही. त्याच जून महिन्यात दिवाण हाउसिंग फायनान्सच्या शेअरचं हेच झालं, शेवटच्या दिवसांपर्यंत खरेदी चालू आणि नंतर शून्य. शेअर विकत घेताना स्क्रीनवर मोठ्या अक्षरात, मराठीत, 'या कंपनीची दिवाळखोरी चालू आहे, तुमची रक्कम शून्य होऊ शकते' असं यायला काय हरकत होती? एक सूचना कोपऱ्यात असते, तीही इंग्रजीत आणि बारीक.

पुढे ५ जानेवारी २०२२ ला अपील न्यायाधिकरणाने ट्विन स्टारची योजना रद्द केली, प्रकरण देणेकऱ्यांकडे परत पाठवलं. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. तेव्हाही 'शेअरला परत जीव येणार' असे मेसेज फिरले. पण योजना रद्द झाली म्हणून रांग बदलत नाही. शेअरवाल्यापर्यंत एक रुपया यायला आधी हजारो कोटींची देणी पूर्ण फिटावी लागतात.

गॅस किंवा तेलाच्या शोधाचा मेसेज ज्यांना आत्ता आलाय, त्यांनी शेअर बाजाराच्या वेबसाईटवर कंपनीचं नाव टाकून तीन गोष्टी बघायला हरकत नाही. कंपनीवर कर्ज किती आहे, प्रवर्तकांनी आपले शेअर गहाण ठेवलेत का, आणि दिवाळखोरीचा अर्ज दाखल आहे का. हे फुकट दिसतं. आणि ज्यांच्या घरी आजोबा-वडिलांच्या नावाची जुन्या कंपन्यांची कागदी सर्टिफिकेटं ट्रंकेत पडलीत, त्यांनी ती टाकून देऊ नयेत. सात वर्षं लाभांश घेतला नसेल तर शेअर सरकारच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीत जातात. ते परत मागायचा अर्ज ऑनलाईन भरता येतो. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर दुसऱ्याला विकता येत नाहीत, आधी डिमॅट करावे लागतात. या कामासाठी शेकडा वीस-पंचवीस टक्के मागणारे एजंट सध्या फोन करतात. अर्जाला सरकार फी घेत नाही.