मिक्सरच्या कंपनीला वीजबिल?

महावितरण ग्राहकाकडून युनिटमागे पैसे घेते. उद्या तिने मिक्सर बनवणाऱ्या कंपनीलाही बिल धाडले आणि सांगितले, की तुमच्या यंत्रामुळे आमच्या तारांवर ताण येतो, वाटा काढा, तर लोक हसतील. दूरसंचार कंपन्या मात्र हेच मागत आहेत आणि सरकारदरबारी त्यावर गंभीरपणे चर्चा होते. त्यांची संघटना ‘सीओएआय’ गेली काही वर्षे म्हणते आहे, की व्हिडिओ दाखवणाऱ्या बड्या कंपन्या आयत्या बिळावर नागोबा होऊन बसल्या आहेत. नेटवर्कच्या खर्चातला ‘न्याय्य वाटा’ त्यांनी उचलावा.

पण व्हिडिओ आपल्या पायांनी कोणाच्या मोबाइलवर चालत येत नाही. ग्राहक तो मागवतो आणि त्याला लागणाऱ्या डेटाचे पैसे त्याने रिचार्ज करतानाच मोजलेले असतात. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी दर वाढवले, तो भारही त्यानेच सोसला. आता त्याच जीबीचे पैसे दुसऱ्या टोकाकडूनही हवे आहेत.

डाव जुनाच आहे. डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने इंटरनेटवरून होणाऱ्या कॉलसाठी वेगळा दर जाहीर केला आणि ग्राहक खवळल्यावर काही दिवसांतच मागे घेतला. पुढच्या वर्षी ‘एअरटेल झीरो’ आले : ज्या ॲपची कंपनी पैसे भरेल, ते ग्राहकाला फुकट. फ्लिपकार्टची त्यासाठी बोलणी चालू होती. टीकेची झोड उठली तशी तिने एप्रिल २०१५ मध्ये अंग काढून घेतले.

फेसबुकची योजना दिसायला अधिक गोड होती. फेब्रुवारी २०१५ मध्ये रिलायन्स कम्युनिकेशन्सबरोबर सुरू झालेल्या या योजनेत महाराष्ट्रही होता. आधी तिचे नाव ‘इंटरनेट डॉट ऑर्ग’ होते, पुढे ‘फ्री बेसिक्स’ झाले. निवडक संकेतस्थळे फुकट, बाकीच्यांना डेटाचे पैसे. त्या यादीत ‘महाराष्ट्र टाइम्स’ होता, त्याचे स्पर्धक नव्हते. म्हणजे बातमी कोणाची सरस हे वाचकाने ठरवण्याआधीच एक दैनिक फुकट आणि दुसरे विकतचे झाले. हे टाइम्स समूहालाही जाणवले असावे. एप्रिलमध्ये त्याने हे दैनिक योजनेतून बाहेर काढत असल्याचे जाहीर केले.

अशा योजनांवरचे उत्तर म्हणजे नेट न्यूट्रॅलिटी. तिचा अर्थ एवढाच : वाटेचा मालक वाटसरूंमध्ये आवडते-नावडते करणार नाही. २०१५ मध्ये दूरसंचार नियामक ‘ट्राय’कडे यासाठी दहा लाखांहून अधिक ईमेल गेले. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने मजकूर पाहून डेटाचे वेगवेगळे दर लावायला बंदी घातली. दंड दिवसाला ५० हजार, कमाल ५० लाख रुपये. तीनच दिवसांत फेसबुकने भारतातली योजना गुंडाळली. जुलै २०१८ मध्ये केंद्राने पुढचे पाऊल टाकले : मजकूर अडवणे, त्याचा वेग मुद्दाम घटवणे किंवा कोणाला खास वेग देणे चालणार नाही.

‘न्याय्य वाटा’ म्हणजे याच नियमाला मागच्या दाराने दिलेली बगल आहे : मजकूर पाहूनच पैसे घ्यायचे, फक्त ग्राहकाऐवजी मजकूर पुरवणाऱ्याकडून.

दक्षिण कोरियात हा प्रयोग होऊन चुकला आहे. तिथे २०१६ पासून नेटवर्क कंपन्यांमधल्या देवाणघेवाणीत डेटा पाठवणाऱ्याने पैसे द्यायचे, असा नियम आला आणि त्याचा बोजा मजकूर पुरवणाऱ्यांवर जाऊन पडला. व्हिडिओ गेमचे थेट प्रक्षेपण करणाऱ्या ट्विचने आधी २०२२ मध्ये चित्राचा दर्जा उतरवला, मग २७ फेब्रुवारी २०२४ रोजी त्या देशातला कारभार आवरला. बहुतेक देशांच्या दहापट शुल्क पडते, असे तिचे म्हणणे होते. ट्विचची मालकी ॲमेझॉनकडे आहे. ट्विचवर प्रक्षेपण करून पोट भरणाऱ्या कोरियन तरुणांना नवे ठिकाण शोधावे लागले.

कंपन्या म्हणतात, छोट्यांना सूट देऊ. पण नाटकांचे प्रयोग दाखवणारे एखादे मराठी ॲप चालले, प्रेक्षक वाढले, की ते ‘मोठे’ होणार आणि ऐन भरात त्याच्या हातात बिल पडणार. ॲमेझॉनला जे परवडले नाही, ते त्याला कसे परवडावे? त्यात वाटेच्या मालकाचेही त्याच वाटेवर दुकान आहे. रिलायन्स समूहाकडे जिओचे नेटवर्क आहे आणि जिओहॉटस्टारमध्ये वाटाही आहे. स्पर्धकाकडून शुल्क घ्यायचे आणि आपल्याच समूहाच्या ॲपचे पैसे एका खिशातून दुसऱ्या खिशात टाकायचे, अशी सोय कोणाला नको?

फाइव्ह-जीसाठी मोठी गुंतवणूक लागते, हे खरेच. दुर्गम भागात टॉवर उभारणे तोट्याचे असेल, तर त्यासाठी ‘डिजिटल भारत निधी’ आहे. तो अधिक वेगाने आणि उघडपणे खर्च व्हावा. ट्रायने आणि दूरसंचार विभागाने ‘न्याय्य वाट्या’ची मागणी स्पष्ट शब्दांत फेटाळावी आणि ती वेगळ्या नावाने पुन्हा येणार नाही, अशी तरतूद परवान्याच्या अटींतच करावी.

एक वाचक