त्याला उचलणार कोण?

ग्रेट डेन किंवा सेंट बर्नार्ड घ्यायचा विचार बोलून दाखवला की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: घर केवढं आहे? टू बीएचके म्हटलं की नकाराची मान हलते, बंगला म्हटलं की होकाराची. माझ्या मते हे मापच चुकीचं आहे. पूर्ण वाढलेला ग्रेट डेन दिवसातला बराच वेळ झोपून काढतो. सकाळ-संध्याकाळ नीट फिरवून आणला तर दोन खोल्यांतही सुखानं राहतो. त्याच दोन खोल्यांत एखादा बीगल घर डोक्यावर घेतो. खरी अडचण किलोंमध्ये आहे. सिमेंटचं पोतं ५० किलोचं असतं. वयात आलेला नर डेन त्याहून जड भरतो, आणि सेंट बर्नार्ड किंवा मास्टिफ पोत्याच्या दीडपटीवरही जातो. असं पोतं दोघांनी मिळून तिसऱ्या मजल्यावरून उतरवायचं आहे, रात्रीचे दोन वाजलेत, लिफ्ट बंद आहे, आणि पोतं कण्हतंय, मध्येच अंग टाकतंय, दुखलं तर हातही धरतंय, अशी कल्पना करून पाहावी. महाकाय जातीचा कुत्रा घेण्याआधी विचारायचा प्रश्न तो आहे.

खर्चाचा विचार लोक करतात, नाही असं नाही. पण तो चिकनच्या भावापाशी येऊन थांबतो. साठ किलोच्या कुत्र्याला महिन्याला साधारण २० किलो कोरडं खाणं लागतं, आणि गंमत म्हणजे किलोमागे हिशेब केला तर छोट्या कुत्र्यापेक्षा तो कमीच खातो. खिसा कापला जातो तो दवाखान्यात. जंताच्या बहुतेक गोळ्या दहा किलोंना एक अशा मापानं देतात. तोच हिशेब प्रतिजैविकांचा, सलाइनचा, भुलीच्या औषधाचा. रेबीजची लस तेवढी पॉमेरियनलाही एक मिलिलिटर आणि डेनलाही एक मिलिलिटर. समता म्हणाल तर तेवढीच.

वजन दुसरीही एक किंमत वसूल करतं, ती वर्षांमध्ये. जर्मनीतल्या गॉटिंगेन विद्यापीठातल्या कॉर्नेलिया क्राउस आणि सहकाऱ्यांनी ७४ जातींच्या ५० हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मृत्यूच्या नोंदी तपासून २०१३ मध्ये निष्कर्ष मांडला: शरीराचं वजन दोन किलोंनी वाढलं की अपेक्षित आयुष्य साधारण एका महिन्यानं घटतं. वीस किलो आणि साठ किलो यांतला फरक मग वीस महिन्यांचा होतो. मोठ्या जातींचं म्हातारपण फार लवकर सुरू होतं असं नाही, सुरू झालं की ते झपाट्यानं पुढं सरकतं, हेही त्याच अभ्यासात दिसलं. जगातला सर्वांत उंच कुत्रा म्हणून गिनेस बुकात गेलेल्या डेनांची यादी पाहिली तरी चटका बसतो. मिशिगनचा झ्यूस २०१४ मध्ये गेला तेव्हा पाच वर्षांचा होता. टेक्सासचा दुसरा झ्यूस २०२३ मध्ये गेला, अवघ्या तिसऱ्या वर्षी. हाडाच्या कॅन्सरमुळे त्याचा पुढचा पाय काढावा लागला होता, त्यानंतर न्यूमोनियानं गाठलं. आयोवाचा केविन २०२४ मध्ये, तोही तीनच वर्षांचा. विक्रमवीर हे टोकाचे नमुने, त्यांच्यावरून सगळ्या जातीचा न्याय करू नये हे मान्य. इंग्लंडचा फ्रेडी साडेआठ वर्षं जगला होता. पण मग साडेआठ हे डेनसाठी चांगलं आयुष्य मानायचं. सात वर्षांच्या हप्त्यानं घेतलेली गाडी फिटते न फिटते तोवर हा कुत्रा म्हातारा झालेला असतो. मुलं आणि कुत्रा एकत्र वाढतील, असं चित्र डोळ्यांपुढं ठेवून पिल्लू आणणाऱ्या घरात पहिलीतलं पोर आठवी-नववीत असतानाच त्याला निरोप देतं.

आयुष्य आखूड आणि वाढ मात्र सुसाट, हे या जातींचं कोडं. जन्मताना जेमतेम अर्धा किलो असलेलं पिल्लू वर्षभरात पन्नाशी गाठतं. इथं आपल्या घरांतलं प्रेम आडवं येतं. पिल्लानं हाड धरावं म्हणून कॅल्शियमचं सिरप, त्यावर दूध, सकाळी दोन अंडी, आणि शेजारी येऊन ‘अजून बारीकच वाटतोय’ म्हणाले की वाटीत आणखी एक चमचा. सुदृढ बालक स्पर्धांवर वाढलेल्या आपल्या नजरेला गुटगुटीतपणा म्हणजेच तब्येत वाटते. १९७४ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी ग्रेट डेनच्या काही पिल्लांना हवं तेवढं खाऊ दिलं आणि काहींना त्याच्या सुमारे दोन तृतीयांशच. सांध्यांचे आणि हाडांचे दोष भरपेट खाणाऱ्या गटात जास्त निघाले. पुढं नेदरलँड्समधल्या उट्रेख्तला हाझेविंकेल यांनी जादा कॅल्शियम देऊन पाहिलं, तेव्हाही याच जातीच्या पिल्लांची हाडं बिघडली. कारण साधं आहे. पूर्ण वाढलेल्या कुत्र्याचं आतडं नको असलेलं कॅल्शियम बऱ्यापैकी अडवतं, कोवळ्या पिल्लाला ते जमत नाही. दिलं तेवढं आत जातं. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी मुद्दाम बनवलेलं खाणं द्यायचं, सिरपची बाटली दुकानातच राहू द्यायची आणि दिसतील न दिसतील अशा बरगड्या हाताला लागू द्यायच्या. पिल्लाच्या पहिल्या वर्षात खरी शिस्त माणसांना लागते.

आता त्या रात्रीकडे येऊ. छाती खोल असलेल्या मोठ्या जातींमध्ये पोट वायूनं फुगतं आणि कधी कधी जठर स्वतःभोवती पीळ खातं. रक्तपुरवठा तुटतो. ग्रेट डेन या बाबतीत सगळ्या जातींच्या पुढं आहे. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या अंदाजानुसार तिनांतल्या एका डेनला तरी आयुष्यात हे दुखणं गाठतं. कुत्रा येरझारा घालतो, पुन्हा पुन्हा ओकारी काढतो पण बाहेर फेसाशिवाय काही येत नाही, लाळेच्या तारा लोंबतात, बरगड्यांमागचं पोट ढोलासारखं लागतं. शस्त्रक्रियेला हाताशी असतात ते काही तास. ‘सकाळी बघू, गॅस झाला असेल’ हे वाक्य इथं जीव घेतं. नसबंदीच्या वेळीच जठर पोटाच्या भिंतीला टाक्यांनी शिवून घेतलं तर पीळ पडण्याचा धोका जवळपास टळतो, आणि हे पिल्लू घेतानाच डॉक्टरांशी बोलून ठेवायचं असतं. तरीही दोन प्रश्न उरतात. तुमच्या शहरात रात्री असं ऑपरेशन करणारा दवाखाना आहे का, आणि त्याच्या दारापर्यंत या जनावराला नेणार कशात? रिक्षावाला थांबणार नाही. हॅचबॅकच्या मागच्या सीटवर आडवा पडलेला डेन बसवायला तीन माणसं लागतात.

यावर बंगलेवाले म्हणतील, आमच्याकडे जिनाही नाही आणि माणसंही आहेत. असतील. पण फार्महाउसवर ठेवलेल्या कुत्र्याच्या नशिबी बहुतेक साखळी आणि राखणदार येतो, आणि रात्री दोनला पोट फुगलंय हे ओळखायला कुणीतरी त्याच्या शेजारी असावं लागतं. सोसायटीवाले कायद्याकडे बोट दाखवतील. बरोबर आहे, कुत्रा मोठा म्हणून सोसायटीला मनाई करता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही, असं भारतीय प्राणी कल्याण मंडळानं २०१५ मध्ये सांगितलं आहे. मात्र मंडळाचं पत्रक लिफ्ट बंद पडण्यापासून वाचवत नाही. छोट्या कुत्र्यांनाही आजार असतात, हाही आक्षेप खरा. पॉमच्या गुडघ्याची वाटी सरकते, दात लवकर किडतात. फरक इतकाच की त्याला काखोटीला मारून बसनंही नेता येतं. रखवालीसाठी हवा म्हणणाऱ्यांशी वाद घालत नाही, फक्त तो आपल्याला आवरेल का ते त्यांनी पाहावं. मार्च २०२४ मध्ये केंद्रानं २३ जातींवर बंदीचं परिपत्रक काढलं, एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं ते रद्द केलं, आणि त्या सगळ्या गदारोळात जात कुठली याची चर्चा झाली. पट्टा ओढला गेला तर दुसऱ्या टोकाचं माणूस त्याला धरू शकेल का, हे फारसं कुणी विचारलं नाही.

म्हातारपणी मात्र ऑपरेशन, धावपळ असं काही नसतं, नुसतं उचलणं असतं. मागचे पाय आधी जातात. गुळगुळीत विट्रिफाइड टाइल्सवर ते पसरत जातात आणि कुत्रा उठायचा प्रयत्न सोडून देतो. कठीण फरशीवर पडून राहिल्यानं कोपरांवर घट्टे पडतात, पाणी भरतं. मग घरात सतरंज्या, रबरी मॅट अंथरल्या जातात आणि जुनी चादर पोटाखालून घालून, दोन्ही टोकं वर धरून त्याला लघवीला नेलं जातं, दिवसातून चार-पाच वेळा. कमरेचं दुखणं असलेल्या सत्तरीच्या आजोबांच्या भरवशावर हा कुत्रा आणणाऱ्यांनी ती चादर आधी डोळ्यांसमोर आणावी.

बाजारात मात्र वजन हाच गुण म्हणून विकला जातो. पिल्लांच्या जाहिरातींत ‘हेवी बोन’ हे शब्द हटकून असतात आणि त्यावर भाव चढतो. आल्प्समधल्या ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीत चाळीसहून अधिक माणसं वाचवल्याचं श्रेय ज्याला देतात, तो बॅरी नावाचा कुत्रा १८१४ मध्ये गेला आणि आजही बर्नच्या संग्रहालयात उभा आहे. त्याचं वजन ४० ते ४५ किलो असावं असा अंदाज आहे. सेंट बर्नार्ड जातीचा आजचा नर ६५ ते ८० किलोंचा, आणि बर्फातून माणूस शोधणं सोडाच, पुण्याच्या मे महिन्यात तो पंख्याखालून हलत नाही. तेव्हा ब्रीडरकडे गेल्यावर पिल्लाचे पंजे किती जाड आहेत हे पाहण्याआधी त्याचे आई-बाप दाखवायला सांगावं, आणि आजी किती वर्षांची होऊन गेली, कशानं गेली, हे विचारावं. ज्याला उत्तर माहीत नाही, त्याच्याकडे केनेल क्लब ऑफ इंडियाचे (केसीआय) कागद कितीही असोत, पिल्लू तिथंच ठेवून परत यावं.